हॉटस्पॉटपुरता आवाज

मासळी बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. लिलाव पुकारायचं काम त्याचं. बर्फातल्या मासळीची खोकी ओळीने लागली की तो एक रिकामा क्रेट उलटा टाकून त्यावर उभा राहायचा. मग बाजाराच्या पार त्या टोकाला गाड्या धुणाऱ्या माणसालाही कळायचं, कुठल्या खोक्याची बोली कुठवर चढली. बाजाराच्या कमिटीने एकदा त्याला माइक आणून दिला होता. त्याने तो एकच दिवस वापरला आणि परत केला. म्हणाला, "यातून माझा आवाज बारीक येतो."

घरीही तसंच. बाथरूममधून टॉवेल मागितला तरी शेजारचे विचारायचे, "काय झालं हो?" त्याची बायको मात्र हळू बोलणारी. गाद्या-सोफ्याच्या एका दुकानात ती कव्हरं शिवायची. जाड कापड, रेक्झिन, कडेची पायपिंग. मोठ्या मशीनवर दिवसभर वाकून बसायचं. तिथल्या बायका तिला चिडवत, "ताई, तुमच्या वाटचंही तेच बोलून घेतात वाटतं." ती हसून म्हणायची, "मग काय! मला आयतं ऐकायला मिळतं."

आधी त्याचा आवाज बसला. बर्फात उभं राहून बसला असेल म्हणून त्याने गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, बाजारातल्या कुणी सुचवलेला काढा घेतला, गळ्याला मफलर गुंडाळला. महिने गेले तरी आवाज सुटेना. शेवटी बायकोने दुकानातून अर्धी सुट्टी घेतली आणि त्याला धरून दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. घशात गाठ होती, वाईट होती, आणि स्वरयंत्र काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ऑपरेशननंतर तो वाचला, पण गळ्याला खाली एक भोक राहिलं. श्वास तिथून. खोकला आला तरी तिथून. तोंड हलायचं, जीभ हलायची, पण बाहेर काही यायचं नाही. बोलता यावं म्हणून घशात झडप बसवून बघितली, ती टिकली नाही. गळ्याला टेकवायचं एक गुणगुणणारं यंत्र दिलं, ते त्याने एकदाच लावलं आणि कागदावर लिहिलं, "डास पाळल्यासारखं वाटतं." ते यंत्र कपाटात गेलं. स्वतःचा फोनही त्याने लेकीला देऊन टाकला. बोलायलाच येत नाही तर तो काय करायचा, असं त्याने खांदे उडवून सांगितलं. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात राहत होती. तिने नाइलाजाने फोन घेतला, जाताना बसमध्ये रडली.

शेवटी हॉस्पिटलातल्या, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी एक जुना टॅब काढून दिला. त्यावर अक्षरं दाबून वाक्य तयार करायचं, बटण दाबलं की टॅब ते बोलून दाखवायचा. अक्षरं मोठी होती, त्याच्या जाड बोटांना सोयीची. अडचण एकच होती. तो आवाज काही टॅबच्या पोटात नव्हता, तो नेटवरून यायचा. टॅबला सिमकार्ड घालायची जागाच नव्हती आणि घरात नेट नव्हतं. मॅडमनी बायकोचा फोन हातात घेतला, त्यात कुठेतरी जाऊन हॉटस्पॉट चालू केला आणि सांगितलं, "आता तुमच्या फोनचं नेट यांच्या टॅबला मिळेल. मात्र तुम्ही जवळ पाहिजे. फार लांब गेलात की तुटेल."

"जवळ म्हणजे किती जवळ?" तिने विचारलं.

"एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालेल. जिना उतरून गेलात तर मात्र नाही."

भोंग्याने अक्षरं शोधत शोधत पहिलं वाक्य केलं. टॅबमधून बातम्या देणाऱ्या माणसासारखा स्वच्छ, सरळ आवाज आला, "म्हणजे आता ही माझ्यापासून पळू शकत नाही."

मॅडम हसल्या. बायकोही हसली, पण तिचे डोळे भरून आले. नवऱ्याचं वाक्य होतं, फक्त गळा दुसऱ्याचा होता.

तेव्हापासून दोघांचा दिवस त्या फोनभोवती फिरू लागला. ती कामावर गेली की घरात शुकशुकाट. तो भांडी घासून ठेवायचा, कपडे वाळत घालायचा, खिडकीत बसायचा. गॅसवाला आला, भाडं मागायला कुणी आलं, तर हातवारे करायचा आणि समोरचा माणूस, जणू हा बहिराच आहे अशा समजुतीने, त्याच्यावर ओरडायचा. हे त्याला फार लागायचं. आयुष्यभर लोकांवर ओरडलेला माणूस तो. संध्याकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की टॅब मांडीवर घेऊन तो दाराकडे तोंड करून बसलेला असायचा. ती पिशवी खाली ठेवायची, आधी हॉटस्पॉट चालू करायची, मग पाणी प्यायची. दिवसभर साठलेलं सगळं टॅबमधून एकामागून एक बाहेर पडायचं.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मी काय म्हणते, तुम्ही दुकानातच येऊन बसत जा ना. मालकांना विचारते."

मालक भला माणूस. त्याने दुरुस्तीला आलेली, कुणी परत न नेलेली एक खुर्ची कोपऱ्यात मांडून दिली. भोंगा तिथे बसू लागला. पुढे पुढे खुर्चीवरून तो दुकानाच्या पायरीवर आला आणि पायरीवरून शेजारच्या चहाच्या टपरीवर. भिंतीपलीकडे मशीनवर बायको बसलेली, फोन तिच्या सुतांच्या डब्यात, त्यामुळे टपरीच्या पहिल्या बाकापर्यंत नेट मिळायचं. दुसऱ्या बाकावर मिळायचं नाही. त्या पहिल्या बाकावर त्याने पुन्हा चार माणसं जमवली. रिक्षावाले, समोरचा चष्मेवाला, टपरीचा मालक. टॅबमधल्या त्या सभ्य आवाजात तो अशा काही शिव्या घालायचा की ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. बातमी द्यावी तशी शिवी यायची, शांतपणे.

कधी गोष्ट ऐन रंगात आलेली असायची आणि बायको फोम आणायला मागच्या गोदामात जायची, फोन खिशात. टॅब अर्ध्या वाक्यावर मुका. मग चष्मेवाला दुकानाच्या दारात येऊन हाक मारायचा, "ताई, जरा पुढे या हो, हे मध्येच अडकलेत!"

ती फोमचा तुकडा काखेत धरून लगबगीने यायची. तिला कधी कधी राग यायचा. पाणी प्यायला उठायचं तरी विचार करायचा. बहिणीचा फोन आला तरी चार वाक्यांत ठेवायचा, कारण बोलताना नेट अडखळतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? नवरा बोलत होता, एवढंच पुष्कळ होतं.

मग बाजारातला त्याचा जुना जोडीदार आला. लिलावात भाव लिहून घ्यायचं काम हा जोडीदार करायचा. म्हणाला, "नुसता बसून काय राहिलास? एक दिवस ये की. एखादं खोकं तू पुकार. पोरांनाही बघू दे, पुकारणं म्हणजे काय असतं ते."

बायकोच्या मनात शंका आली होती, पण भोंग्याचा चेहरा इतका उजळला की तिने ती गिळली. दोघं गेली. फोन तिने हातातच ठेवला होता, आणि त्याच्या मागे ती खेटून उभी होती. बाजार तसाच ओला, तसाच गजबजलेला. जुन्या लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. कुणीतरी क्रेट उलटा टाकला, भोंगा त्यावर चढला. जोडीदाराने सगळ्यांना गप्प केलं आणि एक चांगलं खोकं पुढे ओढलं.

बोली सुरू झाली. भोंगा अक्षरं दाबायला लागला. लिलाव काही अक्षरांसाठी थांबत नाही. त्याने एक भाव लिहून बटण दाबावं, तोवर गिऱ्हाईक त्याच्या पुढे गेलेलं. टॅब बोलायचा तो मागचा भाव, आणि तोही असा की पहिल्या रांगेच्या पलीकडे कुणाला ऐकू जाऊ नये. मागून लोक विचारू लागले, "काय म्हणतोय? किती झाले?" शेवटी एका नव्या पुकाऱ्यानेच खालून दोन आरोळ्या मारून खोक्याचा सौदा पक्का केला. खोकं उचलून गिऱ्हाईक चालायला लागलं, आणि तेव्हा टॅबमधून सावकाश आवाज आला, "एक वार."

कुणीतरी फिस्सकन हसलं. वाईट मनाने नसेल. पण भोंगा क्रेटवरून उतरला, जोडीदाराच्या खांद्यावर थोपटलं आणि सरळ फाटकाकडे चालायला लागला. बायको मागून धावतेय, तिला फोनसकट मागे टाकतोय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. किंवा आलं असेल.

त्यानंतर तो दुकानात यायचा, पण खुर्चीतच बसायचा. टपरीवाल्याने हाक मारली तर हात वर करून "येतो" अशी खूण करायचा आणि जायचा नाही.

काही महिन्यांनी मानेला बाजूला पुन्हा गाठ लागली. त्यानेच आंघोळ करताना तिचा हात धरून तिथे नेला. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला जायच्या आदल्या संध्याकाळी तो जेवून टॅब घेऊन बसला.

"परत तेच निघालं तर मला काही करायचं नाही."

"असं काय बोलता? डॉक्टर काय म्हणतात ते तरी ऐकू."

"ऐकायचं ते ऐकू. पण मला कापायचं नाही, भाजायचं नाही. आता पुरे."

"आणि मी?"

टॅब बोलला, "तू खंबीर आहेस."

"मी नाही खंबीर," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंय कधी?"

लेकीचा फोन आला तेव्हा तिलाही त्याने टॅब फोनजवळ धरून तेच ऐकवलं. हॉटस्पॉट आणि फोन एकाच वेळी चालताना आवाज तुटत होता, पण "नको" तेवढं लेकीला ऐकू गेलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचं तुम्ही ठरवा. मी आहे तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टेबलावर फोटो ठेवून समजावलं. गाठ पसरत होती. पुन्हा ऑपरेशन करता येईल, त्यानंतर बरेच आठवडे किरणं द्यावी लागतील. गिळता येईलच असं नाही, कदाचित पोटात नळी घालावी लागेल. गुण येईल का? येऊ शकतो. खात्री नाही. नाही केलं तर फार दिवस नाहीत.

"तुमचा काय विचार आहे?" डॉक्टरांनी भोंग्याकडे बघून विचारलं.

टॅब त्याच्या मांडीवर होता, टेबलाच्या कडेखाली. तो अक्षरं दाबायला लागला. बायको शेजारी बसली होती. तिला पडद्यावर एक-एक अक्षर उमटताना दिसत होतं. "नाही. मला आता" एवढं झालं होतं. तिच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत हात होता, हातात फोन. हॉटस्पॉटचं बटण कुठे आहे ते तिला न बघता सापडायचं. तिने ते बंद केलं.

त्याने वाक्य पुरं केलं आणि बोलायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर ते बारकं चक्र गरगरत राहिलं.

"नेट गेलं वाटतं," ती म्हणाली. आणि मग, इतक्या भराभर की तिचं तिलाच नवल वाटलं, ती म्हणाली, "आम्ही घरी बोललोय, डॉक्टर. ते तयार आहेत. तुम्ही तारीख द्या."

भोंग्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती डॉक्टरांकडेच बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, "हो का? बरं, मग यांनी तसं सांगितलं तर..." आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबले. तो टॅब उचलून फिरवू शकत होता. नुसती मान हलवू शकत होता. त्याने टॅब पालथा करून मांडीवर ठेवला आणि डॉक्टरांकडे बघून मान डोलावली. जिथे सही करायला सांगितली तिथे सही केली.

घरी जाताना बसमध्ये तिने हॉटस्पॉट पुन्हा चालू केला. त्याने टॅब पिशवीतून काढला नाही.

ऑपरेशन झालं. किरणं सुरू झाली. मानेची कातडी आधी लाल झाली, मग काळी पडून सोलायला लागली. कॉलर लागू नये म्हणून तिने त्याच्या शर्टांचे गळे उसवून खोल केले, आतून मऊ कापड लावून शिवले. गिळणं गेलं. पोटातल्या नळीतून ती पेज घालायची, सावकाश, मोठ्या पिचकारीने, आणि तो भिंतीकडे बघत असायचा. खाण्याची त्याला फार आवड होती. शेजारून फोडणीचा वास आला की तो उठून खिडकी लावून घ्यायचा. तिने दुकानातून मोठी सुट्टी घेतली. आता फोन दिवसभर घरातच होता, हॉटस्पॉट दिवसभर चालू. टॅबवर मात्र तो कामापुरतंच बोलायचा. "पाणी." "दुखतंय." "दिवा बंद कर." कधी तेही नाही, नुसती खूण.

मॅडम एकदा भेटल्या तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "टॅब चालतो ना नीट?"

"चालतो," ती म्हणाली.

एका दुपारी पेज घालून झाल्यावर ती पिचकारी धुवायला उठली आणि उठता उठता परत बसली.

"त्या दिवशी डॉक्टरांकडे नेट गेलं नव्हतं," ती म्हणाली. "मी बंद केलं होतं."

त्याने टॅब ओढून घेतला. आता त्याची बोटं फार हळू चालायची. ती थांबून राहिली.

"माहीत आहे."

"मग तुम्ही दाखवायचं ना डॉक्टरांना! लिहिलेलं होतं की समोर. मान तरी हलवायची."

तो लिहीत राहिला. ते सरळ, स्वच्छ वाक्य यायला खूप वेळ लागला.

"परक्या माणसासमोर तुला खोटं पाडू?"

तिला हुंदका आला. तिने पुढे होऊन त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला, कारण त्याचं लिहून झालं नव्हतं. पुन्हा एक-एक अक्षर.

"पण चुकलीस."

त्या आवाजात ना राग होता ना माया. कुठलंही वाक्य तो तसाच म्हणायचा. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथून काही कळतंय का म्हणून. तो दमला होता, डोळे मिटले होते. तिने टॅब उचलून बाजूला ठेवला आणि पिचकारी धुवायला गेली. नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली.

त्या दिवसानंतर तो थोडा बोलायला लागला. फार नाही. चष्मेवाला भेटायला आला तेव्हा त्याने त्याला एक शिवीही घातली, आणि चष्मेवाला हसता हसता तोंड फिरवून रडला. बायकोशीही बोलायचा, गोदामातल्या फोमला उंदीर लागतात का, लेकीची खोली कुठल्या मजल्यावर आहे, असलं काहीबाही. झाल्या गोष्टीचा विषय त्याने काढला नाही. तिनेही नाही. तिला वाटायचं, एकदा तरी त्याने नीट भांडावं, घर डोक्यावर घ्यावं. पण भांडायला लागणारं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

किरणांचा उपयोग झाला नाही. हिवाळा संपता संपता तो हॉस्पिटलात गेला. तिथे शेवटी शेवटी त्याची बोटं अक्षरांवर उठेनात. ती फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवायची आणि हॉटस्पॉट चालूच असायचा, उगीचच. सकाळी नर्स ताप बघायला आली तेव्हा तो गेलेला होता.

लेक आली. राहिली. कपडे आवरले, औषधं परत केली, आईला बळेच चार घास खायला लावले. जायच्या आदल्या दिवशी चादरीची घडी घालता घालता तिने विचारलं, "आई, बाबा मला तर नको म्हणाले होते. मग तयार कसे झाले गं?"

"झाले," असं म्हणता आलं असतं. चादरीची दोन टोकं आईच्या हातात होती, दोन लेकीच्या. आईने सगळं सांगितलं. पिशवीतला हात, गरगरणारं चक्र, पालथा ठेवलेला टॅब. तो नंतर काय म्हणाला तेही, दोन्ही वाक्यं. त्यातलं एक गाळावं असं तिच्या मनात आलं होतं, पण तिने गाळलं नाही.

लेकीने चादर सोडून दिली. "असं कसं करवलं तुला? सगळा जन्म तो माणूस बोलण्यावर जगला, आणि नेमकं तेव्हाच..."

"मला वाटलं, अजून थोडे दिवस मिळतील."

"मिळाले ना," लेक म्हणाली. "बघितलेस ना कसे होते ते?"

आई खाली बसून चादरीची घडी एकटीच घालायला लागली. एकटीने घडी नीट बसत नव्हती. लेक आत जाऊन बॅग भरत राहिली. सकाळी लेक निघाली तेव्हा वाकून नमस्कार केला, पण एरवीसारखी गळ्यात पडली नाही.

ती गेल्यावर आईने दुकानाच्या मालकांना निरोप धाडला की उद्यापासून कामावर येते. मग ओटा पुसला, दार पुढे केलं आणि पलंगावर बसून राहिली. दिवस कलला तरी दिवा लावायला उठली नाही. लेकीचा फोन आला तेव्हा घरात अंधार झाला होता.

"पोहोचले," लेक म्हणाली.

"बरं."

पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते. लेक काही बोलत नव्हती, पण तिने फोन ठेवलाही नव्हता. आईनेही ठेवला नाही.